कडवं कुठे संपवायचं? चार ओळी झाल्या म्हणून नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही बरीच वर्षं कविता लिहिताय, प्रत्येक कवितेत चार-चार ओळींची पाच-सहा कडवी असतात, यमकं नीट जुळतात, ऐकणारे छान म्हणतात, पण तुम्हाला स्वतःला ती कविता एक वाटत नाही, तुकडे शेजारी शेजारी मांडल्यासारखं वाटतं, आणि मुक्तछंदात लिहायला बसलात की कडवं नक्की कुठे तोडायचं हेच कळत नाही. मी गेली वीसेक वर्षं कविता लिहितोय आणि जवळपास तितकीच वर्षं नव्या लिहिणाऱ्यांसोबत त्यांच्या कवितांवर बसतोय, आणि हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण शब्द, प्रतिमा, यमक ह्याबद्दल सगळे विचारतात पण कडव्याबद्दल फार कमी लोक विचारतात. चार ओळी झाल्या की एंटर दोनदा दाबायचा, एवढंच बहुतेकांना माहीत असतं.

तर आधी मला जे म्हणायचंय ते सांगून टाकतो. दोन कडव्यांच्या मधे जी कोरी ओळ सुटते ना, ती कवितेतलीच एक ओळ असते. तिथे काहीतरी घडायला हवं. वेळ पुढे जायला हवा, किंवा बोलणारा बदलायला हवा, किंवा नजर बाहेरून आत यायला हवी, किंवा मघाशी जे म्हटलं त्याबद्दल शंका यायला हवी. काहीच घडत नसेल तर ती जागा नुसती सजावट आहे, आणि तुम्हाला जे तुकडे वाटतायत ते त्यामुळेच वाटतायत.

हे उदाहरणाशिवाय पटणार नाही. म्हणून आठ ओळी लिहितो, साध्याच आहेत, कामापुरत्या:

आई गेली त्या दिवशी
घड्याळ चालूच होतं
कुणी खुर्च्या आणल्या
कुणी फोन लावले
मी तिचा चष्मा पुसला
आणि डबीत ठेवला
तिला सापडेल
अशा जागी

आत्ता ह्यात कडवी नाहीत. सलग वाचून बघा, सगळं एका श्वासात जातं, चष्मा पुसणं हे खुर्च्या आणण्यासारखंच एक काम होऊन जातं. ह्यातही एक खरेपणा आहे बरं का, अशा दिवशी हात आपोआप चालत असतात, मन मागे राहिलेलं असतं, तेव्हा सलग ठेवणं ही चूक नाही, तो एक निर्णय आहे.

आता चार-चारात तोडा, "कुणी फोन लावले" नंतर जागा सोडा. लगेच कविता दोन खोल्यांची होते, पहिलीत घर आणि लोक, दुसरीत मी. कुणी, कुणी, आणि मग जागा, आणि मग मी. बहुतेक जण हेच करतील आणि वाईट नाही ते, फक्त थोडं मांडून ठेवल्यासारखं वाटतं, म्हणजे आधी जग आता मी, असं कवी बोटाने दाखवतोय.

दोन-दोन ओळींची चार कडवी करा. आता घड्याळाला जेवढी जागा तेवढीच चष्म्याला, प्रत्येक चित्र सुटं, आणि मधल्या तीन रिकाम्या जागांमधे लोक येतायत जातायत, वेळ जातोय असं वाटायला लागतं. कविता हळू होते. शब्द एकही बदललेला नाही, वेग बदलला.

मग सहा आणि दोन करून बघा. "आणि डबीत ठेवला" इथे थांबा. वाचणाऱ्याला वाटतं काम झालं, वस्तू आवरून ठेवली, विषय संपला. मग कोरी ओळ. मग "तिला सापडेल, अशा जागी". त्या कोऱ्या ओळीत वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, कारण ह्या माणसाला ती गेलीय हे अजून कळलेलं नाही हे त्याला तिथे कळतं. सलग वाचताना हीच गोष्ट माहिती म्हणून आली होती. धोका एवढाच की शेवटच्या दोन ओळींवर दिवा मारल्यासारखा होतो, आणि सवयीचा वाचक तो दिवा आधी बघतो, ओळी नंतर.

अजून एक, पहिली ओळ एकटी ठेवा. "आई गेली त्या दिवशी" आणि लगेच जागा. वाक्य अर्धवट आहे, त्या दिवशी काय? उत्तर येतं ते घड्याळाचं. हा धक्का मला आवडतो पण एवढ्या छोट्या कवितेला तो पेलत नाही, सुरुवातच एवढी मोठी झाली की पुढचं सगळं बारीक दिसतं.

मी स्वतः काय करीन? दोन, दोन आणि चार. घड्याळाचं एक छोटं कडवं, लोकांचं एक छोटं कडवं, आणि चष्म्याच्या चारही ओळी एकत्र, न तोडता. म्हणजे शेवटचं कडवं आधीच्यांपेक्षा दुप्पट लांब झालं, कारण हात तिथेच रेंगाळलाय, तो तिथून हलत नाहीये. शेवटच्या दोन ओळींवर वेगळा दिवाही पडत नाही. तुम्हाला वेगळं वाटेल, वाटू दे, पण कारण सांगता आलं पाहिजे.

आता तुमच्या तुकड्यांकडे येतो. तुम्ही पाठवलेलं वर्णन वाचून माझा अंदाज असा की तुम्ही कडवी लिहीत नाही, चारोळ्या लिहिताय आणि त्या एकाखाली एक लावताय. चारोळी ही पूर्ण कविता असते. पहिल्या दोन ओळी काहीतरी उभं करतात, तिसरी वळते, चौथी दार लावते, आणि ऐकणारा वा म्हणतो. एकदा वा म्हटलं की तो तिथे थांबला. पुढच्या चार ओळींना त्याला पुन्हा शून्यापासून उठवावं लागतं. सहा वेळा दार लागलं की सहा बंद खोल्या तयार होतात, घर होत नाही. कडव्याचं दार मात्र थोडं उघडं राहायला हवं, आतलं पुरतं बोलून झालेलं नसावं.

समजा असं लिहिलंय:

पाऊस थांबला तरी
पागोळ्या गळत राहतात
माणसं निघून गेली तरी
आठवणी जागत राहतात

यमक आहे, लय आहे, अर्थही आहे, पण सगळं सांगून संपलंय, वाचणाऱ्याला करायला काही उरलं नाही. शिवाय पागोळ्यांचा अर्थ आठवणी असा लावून दिल्यामुळे पागोळ्या आता पागोळ्या राहिल्याच नाहीत. आता शेवटच्या दोन ओळी काढून टाका आणि तिथे कडवं तोडा:

पाऊस थांबला तरी
पागोळ्या गळत राहतात

रात्री उठून मी
खालची बादली बदलतो

आता जोडणी वाचणाऱ्याने करायची. कोणी गेलंय का, झोप का लागत नाहीये, हे कुठेही म्हटलेलं नाही पण मधल्या कोऱ्या ओळीत ते सगळं आहे. आणि ह्यापुढे तिसरं कडवं यायला जागा आहे, कारण काहीच बंद झालेलं नाही.

तुमच्या कवितांवर एक परीक्षा करून बघा, कडव्यांची अदलाबदल. दुसरं पाचव्या जागी टाका, चौथं दुसऱ्या जागी. कवितेला काहीच फरक पडला नाही तर कडवी एकमेकांशी बोलत नाहीयेत. चांगल्या कवितेत असं केलं की कुठेतरी मोडतं, एखादा "तो" कोण ते कळेनासं होतं, एखादी प्रतिमा तयारीशिवाय येते, राग आधी आणि कारण नंतर असं होतं. ते मोडणं म्हणजेच तिथे सांधा होता ह्याचा पुरावा.

ह्या परीक्षेला एक ठळक अपवाद आहे, गझल. तिथे प्रत्येक शेर दोन ओळींचा आणि स्वतःपुरता पूर्ण असायलाच हवा, एका शेरात विरह आणि पुढच्यात राजकारण असलं तरी चालतं, मतला म्हणजे सुरुवातीचा शेर वर आणि मक्ता म्हणजे कवीचं नाव गुंफलेला शेर असेल तर तो शेवटी, एवढं सोडलं तर मधल्या शेरांचा क्रम बदलता येतो. पण मग गझल एक का वाटते? कारण तिथे सांधायचं काम अर्थ करत नाही, रदीफ (ओळीच्या शेवटी तसाच परत येणारा शब्द) आणि काफिया (त्याच्या आधीचं यमक) करतात. प्रत्येक दुसऱ्या ओळीच्या शेवटी तोच शब्द परत येतो आणि कान म्हणतो, हो, आपण त्याच घरात आहोत. माधव जूलियनांनी हा प्रकार मराठीत आणला आणि सुरेश भटांनी तो लोकांच्या तोंडी बसवला, पण त्याचा एक दुष्परिणाम मला रोज दिसतो, लोक गझलेची सुटी दोन ओळींची रचना उचलतात आणि रदीफ-काफियाची शिस्त मात्र सोडून देतात. मग ना अर्थ सांधतो ना आवाज.

आपल्याकडे कडव्याचा विचार किती जुना आहे हे बघितलं की मजा वाटते. ते जुनं वचन तुम्ही ऐकलंच असेल, श्लोक वामनाचा, अभंग तुकयाचा, ओवी ज्ञानेशाची आणि आर्या मयूरपंतांची. कवी कुठल्या विषयावर लिहायचा हे त्यात नाहीच, कुठल्या रचनेत त्याचा हात बसला होता ते आहे. म्हणजे लोकांनी कवी लक्षात ठेवले ते त्यांच्या कडव्याच्या घडणीवरून.

ओवी घ्या. ग्रंथातल्या ओवीला साधारण साडेतीन चरण म्हणतात, पहिल्या तीन चरणांना यमक, आणि शेवटचा आखूड, यमकाशिवाय सोडलेला, अक्षरांचा हिशोबही सैल. तीनदा यमक ऐकून कान चौथ्याची वाट बघतो आणि तिथे ते मिळत नाही, पायरी अर्धवट सुटते, म्हणून पाय आपोआप पुढच्या ओवीवर पडतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे १२९० ची, आणि तिच्यात सुमारे ९००० ओव्या आहेत. इतकं लांब निरूपण चालवायचं तर असं पुढे ढकलणारं कडवंच लागतं. प्रत्येक ओवी चारोळीसारखी धाडकन बंद होत असती तर शंभराव्या ओवीला ऐकणारा दमला असता. जात्यावरची ओवी वेगळी, ती बायकांनी दळताना जोडलेली, कित्येकदा पहिल्या ओळीत बाहेरचं काहीतरी चित्र येतं आणि दुसऱ्या ओळीत बाई आपल्या मनातल्या गोष्टीवर येते. दोन ओळींच्या कडव्यात एवढं अंतर कापणं, हे मला आजही पुरतं जमलेलं नाही.

अभंगाची घडण ग्रंथातल्या ओवीच्या बरोबर उलट. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. हाताला कळावं म्हणून एक जोडून देतो:

दार उघडले / वारा आत आला / ज्योत झुके त्याला / नमस्कारी

बोटांवर मोजा, सहा, सहा, सहा, चार. यमक तिसऱ्या चरणातच पुरं होतं, मग चौथा येतो तो दोन अक्षरांनी कमी. त्या दोन अक्षरांची जागा रिकामी राहत नाही, गाताना आवाज तिथे लांबतो, टाळ तिथे वाजतो, वाचताना श्वास तिथे बसतो. म्हणजे थांबा कडव्याच्या आतच बांधलेला आहे. प्रत्येक कडवं असं खाली उतरून टेकतं, विधान केल्यासारखं. आणि शेवटच्या कडव्यात "तुका म्हणे" किंवा "नामा म्हणे" येतं तेव्हा तोपर्यंत जे कुणीही म्हणू शकलं असतं ते अचानक एका माणसाचं होतं. ही नाममुद्रा म्हणजे नुसती सही नाही. आधीची सगळी कडवी तिच्यामुळे मागे वळून वेगळी ऐकू येतात. आज आपण सही करत नाही, पण शेवटच्या कडव्यात बोलणारा समोर यावा की नाही हा प्रश्न अजूनही तोच आहे. (लहान अभंग आठ-आठ अक्षरांच्या दोन यमकी चरणांचा असतो, त्याची चाल जास्त पळती, बोलता बोलता टोला मारायला बरी.)

श्लोक म्हणजे चार चरणांची घट्ट पेटी. मनाचे श्लोक २०५ आहेत, सगळे भुजंगप्रयात नावाच्या वृत्तात, बारा अक्षरांचा एक चरण, लघु-गुरु-गुरु असं चार वेळा. ह्यातला कुठलाही एक श्लोक उचलला तरी तो एकटा उभा राहतो, पाठ होतो, योग्य वेळी आठवतो. उपदेशाला असंच कडवं हवं. म्हणजे बंद कडवं वाईट आणि उघडं चांगलं असं मी अजिबात म्हणत नाहीये, तुम्हाला कविता चालवायचीय की माणसाच्या हातात काहीतरी द्यायचंय ह्यावर ते ठरतं.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. जुन्या पोथ्यांमधे ओळी तोडून लिहायची पद्धत नव्हती, सगळं सलग, फक्त ओवी संपली की दंड म्हणजे उभी रेघ आणि आकडा. कागद वाचवायचा होताच, पण कडवं दिसायची गरजही नव्हती, ते ऐकू येत होतं. अभंगात कडवं संपलं की ध्रुवपद, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणायची ओळ, परत यायचं, पोवाड्यात चौकाचौकाला, म्हणजे दर खंडाला, झीलकरी म्हणजे मागचे साथीदार झील ओढायचे, सूर धरून साथ द्यायचे. दोन कडव्यांमधली जागा कधी शांत नव्हतीच, ती माणसांच्या आवाजाने भरलेली होती. छापील पानावर कविता आली आणि तो आवाज गेला, त्या जागी कोरी ओळ आली. म्हणून मला वाटतं की कोऱ्या ओळीकडून आपण तेवढ्याच कामाची अपेक्षा ठेवली पाहिजे जेवढं ध्रुवपद करायचं. ध्रुवपद नुसतं परत येत नव्हतं, दर कडव्यानंतर त्याचा अर्थ जरा सरकायचा. तुम्ही ध्रुवपद वापरत असाल तर हेच तपासा, चौथ्यांदा तीच ओळ वाचताना ती पहिल्यापेक्षा वेगळी लागते का? तशीच लागत असेल तर मधली कडवी काही करत नाहीयेत.

गाणं लिहिणाऱ्यांना हे हातात आपोआप येतं. मुखडा, मग अंतरा, अंतरा वर जातो, आणि शेवटी क्रॉस लाइन येते, म्हणजे मुखड्याशी यमक जुळवून चालीला परत मुखड्यावर आणून सोडणारी ओळ. अंतरा लिहिताना परत कसं यायचं हे आधी माहीत असावं लागतं. कवितेत परत यायची सक्ती नाही, पण कडवं लिहायला घेताना ते कुठे नेऊन सोडणार हे थोडं तरी माहीत असलेलं बरं.

आता वळणाबद्दल, कारण ते सुनीतात सगळ्यात स्वच्छ दिसतं. सुनीत म्हणजे सॉनेट, केशवसुतांनी ते मराठीत आणलं, १४ ओळी, बऱ्याचदा शार्दूलविक्रीडितासारख्या १९ अक्षरी वृत्तात, त्यामुळे ओळ चांगलीच लांब पडते. घडण दोन प्रकारची. एकात आठ ओळी आणि मग सहा, आठात एक परिस्थिती किंवा प्रश्न मांडायचा, नवव्या ओळीला वळायचं. दुसरीत चार-चार-चार आणि शेवटी दोन, तीन वेळा एकाच गोष्टीकडे तीन बाजूंनी जायचं आणि शेवटच्या दोन ओळींत निकाल. हे दोन नुसते आकडे नाहीत, विचार करायच्या दोन तऱ्हा आहेत. आठ-सहात वळल्यावर सहा ओळी मिळतात, म्हणजे बदललेल्या नजरेने थोडं चालता येतं. शेवटच्या दोन ओळींत वळायचं तर चालायला जागाच नाही, तिथे नेमकं बोलावं लागतं. तुमचा मुद्दा कुठल्या जातीचा आहे हे बघून घडण निवडावी. आणि गंमत म्हणजे पुष्कळ सुनीतं मधे जागा न सोडताच छापतात, तरी कडवं ऐकू येतं, वळणावर आवाज बदलतोच.

आणि एक परदेशी घडण सांगतो कारण तुमच्या तुकड्यांवर ती औषधासारखी आहे. इटालियन कवी दान्तेने आपलं अख्खं महाकाव्य, १०० सर्गांचं, तीन-तीन ओळींच्या कडव्यांत लिहिलं. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीला यमक, मधली ओळ एकटी पडलेली. तिचा जोडीदार पुढच्या कडव्यात भेटतो, पुढच्याची पहिली आणि तिसरी ओळ ह्या मधल्या ओळीशी जुळते, आणि तिथली मधली पुन्हा एकटी. म्हणजे प्रत्येक कडवं बंद होता होता एक धागा पुढे फेकतं. एकदा सराव म्हणून अशी पाच कडवी लिहा, कविता चांगली झाली नाही तरी चालेल, पण कडवं कडव्याला कसं ओढतं ते अंगात मुरेल.

ओळींच्या संख्येबद्दल नियम सांगायला मी कचरतो. अनुभव सांगतो. दोन ओळींत तोल किंवा टक्कर असते, हे आणि ते. तीन ओळींत कायम काहीतरी लंगडं राहतं आणि तेच त्याचं बळ, मन चौथ्या ओळीकडे झुकलेलं राहतं. चार ओळींत माणूस आरामात बसतो, म्हणून गोष्ट सांगायला चार बऱ्या आणि म्हणूनच चारांत झोपही लवकर लागते. पाच-सहा झाल्या की आत एक छोटा प्रसंग मावतो. ह्यापुढे मोजण्यात अर्थ नाही, मग कडवं परिच्छेदासारखं वागायला लागतं.

चारांची सवय मलाही होती आणि ती कशी सुटली ते सांगतो. सुरुवातीच्या काळात माझी सहा कडव्यांची एक कविता होती, मला फार प्रिय. एका ज्येष्ठ कवींना दाखवली, त्यांनी काही न बोलता दोन्ही तळहात कागदावर ठेवले, दुसरं आणि पाचवं कडवं झाकलं, आणि म्हणाले, आता वाच. मी वाचली. काहीच कमी झालं नव्हतं. मग त्यांनी उरलेल्या चारांतल्या तिसऱ्या ओळींवर बोट ठेवलं, प्रत्येक तिसरी ओळ चौथीचं यमक आणायला घातलेली होती. चार ओळी भरायच्या म्हणून मी एक ओळ दर वेळी भरतीची घालत होतो आणि सहा कडव्यांत सहा ओळी नुसत्या हमाली करत होत्या. त्या दिवसापासून मी तळहाताची युक्ती स्वतःच्या प्रत्येक कवितेवर करतो. तुम्हीही करा, एकेक कडवं झाका आणि मोठ्याने वाचा.

मुक्तछंदात कुठे तोडायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. तिथे वृत्त नाही, यमक नाही, म्हणून लोकांना वाटतं कडवं कुठेही तोडलं तरी चालतं, खरं तर तिथे कडव्यावरची जबाबदारी वाढते कारण थांबायला सांगणारं दुसरं कोणी नाही. माझी पद्धत अशी की पहिला खर्डा पूर्ण सलग लिहितो, एकही जागा न सोडता. मग मोठ्याने वाचतो, दोन-तीनदा, आणि आवाज जिथे आपोआप पडतो तिथे पेन्सिलने खूण करतो. ओळीच्या शेवटी आपण मात्राभर थांबतो, कडव्याच्या शेवटी एक अख्खा श्वास घेतो, हा फरक कानाला कळतो. मग प्रत्येक खुणेला विचारतो, इथे काय बदललं. वेळ, जागा, माणूस, सूर, काहीतरी. उत्तर नाही आलं तर खूण पुसतो. बहुतेक वेळा सातातल्या तीनच उरतात.

कधीकधी उलटं करावं लागतं, म्हणजे जिथे थांबा अजिबात नको तिथेच तोडायचं, वाक्याच्या मधे. वाक्य ह्या कडव्यात सुरू आणि पुढच्यात पूर्ण. ह्याने वाचणारा रिकाम्या जागेवर लटकतो. "तो म्हणाला की तू जर" आणि जागा, आणि मग "आधी सांगितलं असतंस". त्या जागेत दोघांमधे न झालेलं अख्खं भांडण मावतं. पण हे वाक्याच्या कुठल्या सांध्यात तोडता त्यावर आहे. "जर" नंतर, "पण" नंतर, क्रियापदाच्या आधी, इथे ताण असतो, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि ते येईपर्यंत वाक्य आशेवर असतं. विशेषण आणि नामाच्या मधे कडवं तोडलं तर ताण येत नाही, फक्त अडखळायला होतं. आणि प्रत्येक कडव्याला हेच केलंत तर तो झटका राहत नाही, सवय होते.

एका ओळीच्या कडव्याबद्दलही हेच. एकटी ओळ म्हणजे भरल्या घरात मोठ्याने बोललेलं एक वाक्य, सगळे वळून बघतात. कवितेत एकदा, फार तर एकदाच. आणि ती ओळ तेवढी तोलाची आहे का ते आधी बघा, कारण सुंदर ओळ एकटी ठेवली की ती आणखी सुंदर होत नाही, तिच्यातला दिखावा तेवढा उठून दिसतो. साधी, सपाट, माहितीची ओळ एकटी ठेवून बघा, "दार उघडंच होतं" अशी. ती जास्त लागते.

लांबीचा उतार-चढावही बोलतो, हे विसरू नका. सात, पाच, तीन, एक अशी कडवी आखडत गेली तर बोलणाऱ्याचा धीर सुटतोय असं वाटतं, दोन, चार, नऊ अशी वाढत गेली तर बांध फुटल्यासारखं. हे ठरवून केलंत तर आकार दाखवायचा मोह होतो, त्यापेक्षा मजकूर तसा जात असेल तर फक्त अडवू नका.

मोबाईलवर टाकताना एक खबरदारी, लांब ओळ स्क्रीनवर मोडून दोन ओळी दिसते आणि काही ठिकाणी कोऱ्या ओळी गायबच होतात, मग तुमचं दोन-दोन-चार सगळं सलग होतं. पाठवायच्या आधी स्वतःच्या फोनवर एकदा बघून घ्या, आणि कडव्यांमधे चांदण्या किंवा टिंबं भरू नका, ती कोरी जागा कोरीच हवी. आकडे टाकून पाडलेले भाग वेगळे, तो कडव्यापेक्षा मोठा खंड असतो, त्यात बोलणारा किंवा काळ पूर्ण बदलला तरी चालतो.

तर आत्ता एवढंच करा. तुम्हाला सगळ्यात जास्त खटकणारी सहा कडव्यांची कविता घ्या, सगळ्या कोऱ्या ओळी काढून टाका, प्रत्येक कडव्याची चौथी ओळ तात्पुरती खोडा, आणि जे १८ ओळींचं सलग उरेल ते मोठ्याने वाचा. दोन-तीन ठिकाणी वाक्यं एकमेकांना आपणहून जोडली जातील आणि एखाद्या ठिकाणी तुमचा आवाज थबकेल. तिथे पेन्सिलने खूण करा आणि ते पान मला पाठवा, खोडलेल्या ओळींसकट.